गाडी तापली म्हणून सुरू होईना? : सेल्फ, उष्णता आणि कारणाचा शोध

निफाडला बोलायला उभं राहायचं म्हणजे न्यायमूर्ती रानड्यांचं नाव आधी घ्यायला हवं. १८ जानेवारी १८४२ रोजी ते इथे जन्मले. लोकांनी एकत्र जमून व्याख्यान ऐकावं ही आपली जी सवय आहे, तिला महाराष्ट्रात वळण लागलं ते त्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेमुळे. देशानं नुसता कच्चा माल विकू नये, वस्तू स्वतः घडवाव्यात, हा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला. आजचा विषय जरा तेलकट आहे, पण त्याच आग्रहाच्या वाटेवरचा आहे. घडवलेली वस्तू बिघडली की तिचा बिघाड शोधायचा कसा?

निफाड राज्यात प्रसिद्ध आहे ते थंडीसाठी. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा किती उतरला, हे सगळ्या महाराष्ट्राला पेपरातून कळतं. त्यामुळे 'थंडीत गाडी सुरू होत नाही' ही तक्रार इथे कोणालाच नवीन नाही. मला सांगायची आहे ती उलटी तक्रार. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते, तास-दीड तास धावते, रसवंतीपाशी दहा मिनिटं थांबते आणि मग काही केल्या सुरू होत नाही. अर्ध्या-पाऊण तासानं पुन्हा मुकाट सुरू होते. जुन्या गाड्या वापरलेल्यांना हे दुखणं चांगलं माहीत असेल.

आधी थोडा इतिहास. सुरुवातीच्या मोटारी हँडल मारून सुरू व्हायच्या. इंजिनानं उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं. १९१२ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या कॅडिलॅक कंपनीनं विजेचा स्टार्टर द्यायला सुरुवात केली. तो चार्ल्स केटरिंग यांनी तयार केला होता. केटरिंग यांनी त्याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. गल्ल्याचा खण उघडायला क्षणभरच जोर लागतो, म्हणजे तिथे छोटी मोटर चालते. तीच युक्ती इथे लागू पडली. इंजिन फिरवायला एवढीशी मोटर पुरेल, कारण तिला काही सेकंदच राबायचं आहे. तेवढा वेळ तिच्यावर कुवतीबाहेरचा भार टाकला तरी चालेल.

हा सौदा लक्षात ठेवा. आपण ज्याला 'सेल्फ' म्हणतो ते यंत्र जन्मापासूनच थोडक्या वेळासाठी ताणलेलं आहे. शंभराहून जास्त अँपिअरचा प्रवाह, तोही फक्त १२ व्होल्टच्या बॅटरीतून. अशा ठिकाणी चूक करायला फारशी जागा उरत नाही.

आता आपल्याकडे या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ नंतर सरकारचं धोरण बदललं. परदेशातून सुटे भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्या कंपन्यांना इथे राहता येईना. शिवडीला १९२८ पासून गाड्या जुळवणारी जनरल मोटर्स निघून गेली. उरल्या त्या कंपन्यांना भाग इथेच बनवणं भाग होतं. १९५१ मध्ये बंगळूरला मायको आणि १९६१ मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस उभी राहिली, आणि गाडीतली विजेची सामग्री देशात तयार होऊ लागली. कुर्ल्याची फियाट ११००, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसीचं इंजिन घेऊन चार दशकं जवळपास तशीच राहिली. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागे. मग घरातली गाडी टाकून देणं कोणाला परवडणार? ती चालू ठेवणं हीच एक विद्या झाली, आणि ती विद्या कुर्ल्यात नव्हे, तर गावोगावच्या मिस्त्रींच्या हातात वाढली.

आमच्याकडेही त्या जमान्यातली एक जुनी गाडी होती. एका उन्हाळ्यात तिला हे दुखणं जडलं. तेव्हा मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होतो, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढची फजिती त्याशिवाय कळणार नाही.

पहिला सल्ला मिळाला तो पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकण्याचा. रस्त्यावर पाण्याचं फडकं गुंडाळलेला पेट्रोल पंप तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मीही फडकं टाकलं, वाट पाहिली, गाडी सुरू झाली. मी खूश! पण गाडी सुरू केली कोणी, फडक्यानं की वाट पाहण्यात गेलेल्या वेळानं? न्यायशास्त्रात कुंभाराच्या गाढवाचं उदाहरण येतं. मडकं घडण्याआधी माती वाहणारं गाढव हजर असतंच. म्हणून त्याला मडक्याचं कारण म्हणत नाहीत. अशा गोष्टीला 'अन्यथासिद्ध' म्हणतात. माझं फडकं म्हणजे ते गाढव होतं.

फडक्याचा उपाय मुळात खोटा नाही, हेही सांगायला हवं. नळीत पेट्रोलची वाफ धरली तर तो लागू पडतो. पण त्या दुखण्यात सेल्फ झोकात फिरतो, फक्त इंजिन धरत नाही. म्हणून पहिली तपासणी कानाची. सेल्फ जोरात फिरतोय आणि इंजिन उचलत नाही, तर पेट्रोल किंवा ठिणगी बघा. नुसता 'टक्' असा आवाज येतोय, तर सोलेनॉइडपर्यंत आणि मोटरपर्यंत जाणारी वीज बघा. सेल्फ रडत रडत फिरतोय, तर एक तर वीज कमी पोचते, नाहीतर बुश झिजून आर्मेचर आत घासतंय. आमचा सेल्फ रडत होता. ते मी रोज ऐकत होतो आणि तरी फडकं भिजवत होतो.

मग नवी बॅटरी घेतली. फरक नाही. मग सेल्फ उतरवून नाशिकला एका वाइंडिंग करणाऱ्या वयस्कर कारागिराकडे नेला. त्यानं आर्मेचर तपासलं, कार्बन बदलले, नवे बुश टाकले आणि म्हणाला, "सर, मोटरीला आता काही नाही. दोष बाहेर आहे, बाहेर बघा." दोनच दिवसांनी भर दुपारी गाडी पुन्हा तशीच अडली. मी तडक त्याच्याकडे गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, तुम्ही काम न करताच पैसे घेतलेत. तो काही बोलला नाही. त्यानं गल्ल्यातून पैसे काढून माझ्यासमोर ठेवले. आणि मी ते घेतले.

पुढे लासलगावच्या रस्त्यावर गाडी अडली, तेव्हा ट्रॅक्टरची वायरिंग करणारा एक तरुण थांबला. त्यानं मला सेल्फ मारायला सांगितला आणि लगेच चोकच्या तारेला बोट लावलं. तार चटका बसावा इतकी गरम होती. तो हसला. त्यानं जीपमधून एक जाड केबल काढली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडाला लावलं. "मारा आता." त्याच तापल्या इंजिनावर, त्याच बॅटरीवर, त्याच सेल्फवर गाडी एका दमात सुरू झाली. केबल काढली, पुन्हा रडणं. लावली, पुन्हा सुरू.

काय होतं ते? इंजिन रबराच्या गुट्ट्यांवर बसवलेलं असतं. त्यामुळे बॅटरीकडे परत जाणाऱ्या विजेसाठी इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याची एक विणलेली पट्टी असते, तिला अर्थ म्हणतात. गाडीला रंग मारताना त्या पट्टीच्या बोल्टाखाली रंग गेला होता, वरून गंज धरला होता. वाट अडल्यामुळे वीज चोकच्या तारेतून घुसत होती, म्हणून तार तापली.

आता आकडा बघा. त्या सांध्याचा अडथळा समजा एक शतांश ओम असेल. दोन्ही हेडलाइट मिळून आठेक अँपिअर घेतात, तर तिथे ०.०८ व्होल्ट जातात. दिवे लख्ख दिसतात, आणि आपण म्हणतो, 'वीज तर ठणठणीत आहे'. पण सेल्फ १५० अँपिअर मागतो, तेव्हा त्याच सांध्यावर दीड व्होल्ट जातात. मग उष्णतेचं काय? तांबं तापलं की त्याचा अवरोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे ८० अंशांनी तापलं तर जवळजवळ एकतीस टक्के. गाडी थांबली की पंखा आणि पाणी फिरणं थांबतं, इंजिनाची धग आजूबाजूच्या भागांत मुरते, आणि सेल्फ सगळ्यात जास्त तापतो तो गाडी उभी राहिल्यानंतर. सकाळी दीड व्होल्टचं नुकसान कसंबसं भागत होतं. दुपारी भागेना.

नैयायिक याला 'उपाधी' म्हणतात. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे बरोबर नाही. त्यासाठी इंधन ओलं असावं लागतं. ते ओलेपण म्हणजे उपाधी. 'गाडी तापली की अडते' हे माझं विधान तसंच होतं. ठणठणीत गाडीही तापते, पण अडत नाही. दोष बारा महिने तिथेच होता, उन्हानं फक्त तो दाखवला. हिवाळ्यातही सेल्फ मंद फिरायचा, पण निफाडची थंडी म्हणून आम्ही न कुरकुरता हँडल मारत होतो. पुरावा समोर होता. त्याचं श्रेय आम्ही हवामानाला देऊन टाकलं होतं.

म्हणून आज कोणी विचारलं तर मी क्रम असा सांगतो. आधी आवाज ऐका. मग गाडी गरम असताना, दोष हजर असताना मोजा. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंट्यावर आणि दुसरी इंजिनावर ठेवून सेल्फ मारा. पाव-अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. तसंच पॉझिटिव्ह बाजूला. या दोन्ही वाटा स्वच्छ निघाल्या, तरच सेल्फला हात लावा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं गुण आला ते कळणार नाही.

ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेली. वर्तमानपत्रांनी गाडीवर लेख लिहिले, ते योग्यच. मला मात्र त्या गाड्या चालत्या ठेवणारे हात आठवतात.

अर्थची पट्टी घासून बसवल्यावर काही महिन्यांनी मी नाशिकला त्या कारागिराकडे पैसे घेऊन गेलो. दुकानाला कुलूप होतं. शेजारच्यानं सांगितलं, ते गावी गेले, आता येणार नाहीत. चुकीचं कारण धरलं की आपले पैसे जातात, ते एक वेळ चालेल. पण बऱ्याचदा त्या चुकीच्या कारणाला माणसाचा चेहरा असतो. "बाहेर बघा," एवढंच तो म्हणाला होता, आणि वर्गात रोज अनुमान शिकवणाऱ्या माणसाला ते ऐकू आलं नाही.

इथे थांबतो.