सामी वेलू, एस.

सामी वेलू, एस. : (८ मार्च १९३६ – १५ सप्टेंबर २०२२). मलेशियातील तमिळ राजकारणी. मलेशियन इंडियन काँग्रेस (एमआयसी) या पक्षाचे १९७९ ते २०१० या काळातील अध्यक्ष आणि १९७९ ते २००८ अशी सलग २९ वर्षे केंद्रीय मंत्री. महाथिर मोहम्मद यांच्या पहिल्या पंतप्रधानपदाच्या बावीस वर्षांत भारतीय वंशाच्या समाजाचा सरकारातील चेहरा म्हणजे सामी वेलू, असे समीकरणच होऊन बसले होते. कार्यकर्ते त्यांना ‘तलैवर’ (नेता) म्हणत. विरोधकही त्यांच्यावर टीका करताना हाच शब्द वापरत, पण सूर वेगळा असे.

जोहोर राज्यातील क्लुआंग येथे, रबराचा चीक काढणाऱ्या मजूर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव संगलिमुथू. तरुणपणी त्यांनी बसकंडक्टरची नोकरी केली, नंतर मलेशियाच्या सरकारी नभोवाणीवर तमिळ बातम्या वाचल्या. नोकरी सांभाळून शिकत ते वास्तुविशारद झाले. खणखणीत आवाज आणि नाटकी फेक ही त्यांच्या भाषणाची पुढे प्रसिद्ध झालेली वैशिष्ट्ये. बातम्या वाचण्याचा सराव त्यांच्या मुळाशी असावा, असे मानायला जागा आहे. त्यांची मलाय भाषा मात्र कायम थट्टेचा विषय राहिली. १९५९ मध्ये ते एमआयसीत आले.

हा पक्ष १९४६ मध्ये जॉन थिवी यांनी स्थापन केला. १९५५ ते १९७३ या काळात व्ही. टी. संबंथन हे त्याचे अध्यक्ष होते. ब्रिटिश मालक मळे तुकड्यातुकड्यांनी विकू लागले आणि मजूर बेघर होऊ लागले, तेव्हा संबंथन यांनी १९६० मध्ये सहकारी संस्था काढून मजुरांच्याच भागभांडवलातून मळे विकत घेतले. त्यांचा पेराक राज्यातील सुंगाई सिपुट हा मतदारसंघ १९७४ मध्ये सामी वेलूंकडे आला. १९४८ मध्ये याच गावाजवळ युरोपीय मळेवाल्यांच्या हत्या झाल्या आणि ब्रिटिशांनी देशात आणीबाणी पुकारली होती. सामी वेलू येथून ओळीने आठ निवडणुका जिंकले.

पक्षातली त्यांची चढण वेगवान होती. १९७७ मध्ये एस. सुब्रमण्यम यांना थोडक्या मतांनी हरवून ते उपाध्यक्ष झाले. १९७९ मध्ये अध्यक्ष व्ही. माणिकवासगम यांचे अकस्मात निधन झाले आणि पक्षाची सूत्रे त्यांच्या हाती आली. बांधकाममंत्रिपदही त्याच वर्षी मिळाले. सुब्रमण्यम यांच्याशी त्यांचे वैर पुढे पाव शतकाहून अधिक काळ चालले आणि २००६ मध्ये, सामी वेलूंचा पाठिंबा असलेल्या जी. पलनिवेल यांनी सुब्रमण्यम यांचा पराभव केला तेव्हाच ते निकालात निघाले. एम. जी. पंडितन या दुसऱ्या लोकप्रिय नेत्याची १९८८ मध्ये हकालपट्टी झाली. त्यांनी १९९० मध्ये इंडियन प्रोग्रेसिव्ह फ्रंट हा वेगळा पक्ष काढला. समोर उभा राहू शकेल अशा माणसाला पक्षात टिकू द्यायचे नाही, ही सामी वेलूंची रीत होती.

या दीर्घ सत्तेचे गणित समजल्याशिवाय त्यांची कारकीर्द समजत नाही. भारतीय वंशाचे लोक त्या काळात देशाच्या लोकसंख्येच्या आठ-दहा टक्के होते आणि ते सर्वत्र विखुरलेले होते. त्यांचे बहुमत असलेला एकही लोकसभा मतदारसंघ नव्हता. त्यामुळे एमआयसीचा उमेदवार निवडून येई तो बारिसान नासिओनाल या सत्ताधारी आघाडीच्या, म्हणजे प्रामुख्याने अम्नो या मलाय पक्षाच्या आणि चिनी मित्रपक्षाच्या मतांवर. जागा किती लढवायच्या आणि मंत्रिपदे किती घ्यायची, हे वरून ठरे. अशा रचनेत समाजाच्या नेत्याला समाजाच्या नाराजीची फारशी भीती नसते. वरच्यांची मर्जी सांभाळली म्हणजे झाले. सामी वेलूंनी ती उत्तम सांभाळली. १९७१ पासून मलाय व इतर भूमिपुत्रांसाठी आर्थिक मालकीचे ३० टक्क्यांचे लक्ष्य ठेवणारे धोरण चालू होते, तर भारतीयांचा वाटा एक टक्क्याच्या आसपासच रेंगाळत होता. मंत्रिमंडळात त्याबद्दल ते बोलत, पण आघाडी मोडण्यापर्यंत गोष्ट कधी गेली नाही.

मंत्री म्हणून ते १९७९ ते १९८९ आणि पुन्हा १९९५ ते २००८ बांधकाम खात्यात होते. मधली सहा वर्षे त्यांच्याकडे ऊर्जा, दूरसंचार व टपाल ही खाती होती. पेनांग बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा, १९८५ मध्ये खुला झालेला पूल आणि देशाच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उत्तर-दक्षिण द्रुतगती महामार्गाची सुरुवात ही त्यांच्या पहिल्या कालखंडातील मोठी कामे. महामार्ग खासगी कंपन्यांकडे सोपवताना केलेल्या करारांत टोल ठरावीक काळाने वाढवण्याची तरतूद होती. दर वाढले की जाहीर करायला उभे राहत ते सामी वेलू, आणि शिव्याही त्यांच्याच वाट्याला येत. सप्टेंबर १९९२ मध्ये द्वीपकल्पीय मलेशिया अंधारात गेला तेव्हा ऊर्जा खाते त्यांच्याकडेच होते. क्वालालंपूरजवळ केपोंग येथील उड्डाणपूल भेगा पडल्याने २००६ मध्ये बंद ठेवावा लागला, तेव्हाही उत्तरे त्यांनाच द्यावी लागली.

त्यांच्या कारकिर्दीवरचा सर्वांत गडद डाग ‘माइका होल्डिंग्ज’चा. भारतीयांना देशाच्या भांडवलात वाटा मिळवून द्यायचा, या घोषणेने १९८२ मध्ये एमआयसीच्या पुढाकाराने ही गुंतवणूक कंपनी निघाली. सुमारे ६६ हजार लोकांनी तिच्यात १० कोटी रिंगिटहून अधिक रक्कम घातली. त्यांत मळ्यांवरचे मजूर मोठ्या संख्येने होते. काहींनी दागिने मोडून, काहींनी कर्ज काढून पैसे भरले होते. कल्पना संबंथन यांच्या सहकारी संस्थेची आठवण करून देणारी होती, पण तिथे मजुराच्या हाती मळा आला, इथे कागद. कंपनीला लाभांश नियमित देता आला नाही. १९९० मध्ये टेलिकॉम कंपनीचे एक कोटी समभाग माइकासाठी देऊ करण्यात आले होते. प्रत्यक्षात माइकाला दहा लाखच मिळाले आणि उरलेले इतर कंपन्यांकडे गेले. हे उघड झाल्यावर मोठे वादळ उठले आणि भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेने चौकशी केली. सामी वेलूंनी गैरव्यवहाराचे आरोप फेटाळले व त्यांच्यावर खटला झाला नाही. माइकाचे भागधारक मात्र ताटकळत राहिले. २०१० मध्ये एका खासगी कंपनीने प्रतिसमभाग ८० सेन देऊ केले, तेव्हा कुठे त्यांच्या सुटकेची वाट मोकळी झाली.

त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या शिक्षणसंस्थांचे पारडे मात्र जड आहे. १९८४ मध्ये सुरू झालेल्या माजू शैक्षणिक विकास संस्थेने हजारो विद्यार्थ्यांना कर्जे व शिष्यवृत्त्या दिल्या. केदाह राज्यात २००१ मध्ये सुरू झालेल्या एआयएमएसटी विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण मिळते. सरकारी विद्यापीठांत जागा न मिळणाऱ्या मळ्यावरच्या मुलांसाठी हे महत्त्वाचे होते.

२००७ पर्यंत मळे ओस पडले होते आणि तिथली कुटुंबे शहरांच्या कडेच्या वस्त्यांत आली होती. जुनी देवळे पाडली जाण्याच्या घटनांनी असंतोष भडकला. ऑक्टोबरअखेर, ऐन दिवाळीच्या तोंडावर, शाह आलमजवळच्या पदांग जावा येथील मारिअम्मन मंदिर पाडण्यात आले. २५ नोव्हेंबर रोजी ‘हिंड्राफ’ या हिंदू हक्कसंघटनेच्या हाकेवर हजारो लोक क्वालालंपूरच्या रस्त्यांवर उतरले. त्यांच्यावर अश्रुधूर आणि पाण्याचे फवारे सोडण्यात आले. डिसेंबरमध्ये पाच नेत्यांना अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध करण्यात आले. सामी वेलू सरकारच्या बाजूने उभे राहिले. इतकी वर्षे दबलेला राग त्यांच्यावरच उलटला.

८ मार्च २००८ रोजी, म्हणजे नेमक्या त्यांच्या बहात्तराव्या वाढदिवशी, सार्वत्रिक निवडणूक झाली. सुंगाई सिपुटमध्ये १९९९ आणि २००४ मध्ये त्यांच्याकडून हरलेल्या डॉ. मायकेल जयकुमार देवराज यांनी त्यांना १,८२१ मतांनी पाडले. जयकुमार हे छातीच्या विकारांचे डॉक्टर आणि समाजवादी कार्यकर्ते होते. एमआयसीने लढवलेल्या ९ जागांपैकी ३ टिकल्या; २००४ मध्ये नऊच्या नऊ आल्या होत्या. अम्नोची मतेही अनेक ठिकाणी फुटली होती, त्यामुळे वरच्या आधाराचे जुने गणित कामी आले नाही. एवढा पराभव होऊनही त्यांनी पक्षाध्यक्षपद डिसेंबर २०१० पर्यंत सोडले नाही. नंतर ते पद पलनिवेल यांच्याकडे गेले. २०११ मध्ये सरकारने सामी वेलूंना भारत व दक्षिण आशियासाठी पायाभूत सुविधांचे विशेष दूत नेमले आणि मंत्र्याचा दर्जा दिला.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी क्वालालंपूर येथे त्यांचे निधन झाले. दोन महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत एमआयसीचे तत्कालीन अध्यक्ष एस. ए. विघ्नेश्वरन सुंगाई सिपुटमधून उभे राहिले आणि हरले. संपूर्ण देशात पक्षाला एकच जागा मिळाली.