डोंगरावरील एकांत
आपल्या धर्माचा इतिहास नगरांइतकाच डोंगरकपारींत घडला आहे. वेरूळची ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी त्याची साक्ष देतात. श्री क्षेत्र कुंथलगिरी ही कुलभूषण व देशभूषण मुनींची निर्वाणभूमी. चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराजांनी सल्लेखनेसाठी हेच क्षेत्र निवडले आणि १८ सप्टेंबर १९५५ रोजी येथेच त्यांची समाधी झाली.

दुकानात आयुष्यभर कापड मोजले. स्वतःचे माप मात्र त्या डोंगरावरील एकांतातच कळले. आज आपण क्षेत्री जातो, पण बाजाराचा गोंगाट बरोबर नेतो आणि पूजा आटोपून लगेच परततो. या सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रत्येकाने एक नियम घ्यावा : क्षेत्री गेल्यावर एक सामायिक, म्हणजे ४८ मिनिटे, मौनाने एकटे बसावे. पूर्वजांचा वारसा तोच आहे. जय जिनेंद्र!