शालान्त इंग्रजी आणि घरची तयारी (नाशिक जिल्हा)

शालान्त इंग्रजी आणि घरची तयारी : दहावीच्या परीक्षेतील इंग्रजी विषयासाठी आणि त्या विषयापाशी अडणारे शालेय शिक्षण पुरे होण्यासाठी विद्यार्थी व त्याचे कुटुंब करीत असलेली तयारी. महाराष्ट्रात माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षा १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेले राज्य मंडळ घेते. मंडळाच्या नाशिक विभागात नाशिक, धुळे, जळगाव व नंदुरबार हे चार जिल्हे येतात. मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी ही तृतीय भाषा. ‘माय इंग्लिश कोर्सबुक’ हे तिचे दहावीचे पाठ्यपुस्तक. बारावीलाही हा विषय अनिवार्य असल्याने दहावीत कच्चे राहिलेले इंग्रजी दोन वर्षांनी पुन्हा समोर उभे राहते. या विषयात इंग्रजी न येणारे घर काहीच करू शकत नाही, असा समज सर्वत्र आहे. शाळांचा आहे आणि खुद्द पालकांचाही आहे. प्रस्तुत नोंदीचे प्रतिपादन याच्या उलट आहे. इंग्रजीचा पेपर जितका इंग्रजीचा असतो, तितकाच तो घरच्या भाषेचा, वर्षभराच्या वेळापत्रकाचा आणि कागदपत्रांचा असतो. या तिन्ही गोष्टींत कुटुंबाला वाटा उचलता येतो, मात्र शाळेने तो त्याला उचलू दिला पाहिजे.

या समजाची मुळे जुनी आहेत. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा १८५९ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून मराठी घरात शिक्षणाची वेस इंग्रजीने आखलेली होती. ‘नॉन-मॅट्रिक’ हा शब्द माणसाच्या नावाला पदवीसारखा चिकटे आणि मॅट्रिकला बसणाऱ्या मुलाचा अभ्यास ही घरातील शिकलेल्या एखाद्या काकाची किंवा शिकवणीच्या मास्तरांची बाब मानली जाई. १९४९ पासून मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली; १९७५ मध्ये नव्या आकृतिबंधातील दहावीची पहिली परीक्षा झाली. मराठी शाळांत इंग्रजी दीर्घकाळ पाचवीपासून शिकवले जाई. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० सालापासून, ते पहिलीपासून सुरू झाले. आज दहावीला बसणारे मूल त्यामुळे दहा वर्षे इंग्रजी शिकलेले असते, निदान कागदावर तरी. परीक्षा बदलली, आकृतिबंध बदलला, इंग्रजीचा आरंभ चार इयत्ता अलीकडे आला. पण इंग्रजी हा घराबाहेरचा विषय, ही मॅट्रिकच्या काळातील समजूत तशीच राहिली.

नाशिक जिल्ह्यात ही समजूत विशेष महाग पडते, कारण येथे अनेक मुलांच्या बाबतीत इंग्रजी खरोखर ‘तृतीय’ भाषा नसतेच. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांहून अधिक असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण, दिंडोरी व इगतपुरी या तालुक्यांत कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल व ठाकर समाज राहतात. सुरगाण्याच्या पाड्यावरील कोकणा मुलाची घरची बोली वेगळी. शाळेतील पुस्तकी मराठी ही त्याची दुसरी भाषा, हिंदी तिसरी आणि इंग्रजी चौथी. बागलाण, देवळा व मालेगाव पट्ट्यात घरोघर अहिराणी बोलली जाते. मालेगाव शहरात उर्दू माध्यमाच्या शाळांचे मोठे जाळे आहे. तेथील विद्यार्थी उर्दूबरोबर मराठी आणि इंग्रजी अशी ओझी एकदम उचलतो. या मुलांचे इंग्रजी अडते तेव्हा अडथळा पुष्कळदा इंग्रजीत नसतो. ज्या भाषेतून इंग्रजीचा अर्थ सांगितला जातो, ती भाषाच अर्धी परकी असते. आश्रमशाळेत शिक्षकाने शब्दाचा अर्थ मराठीत दिला आणि मुलाने तो वहीत उतरवला, म्हणजे समजला असे होत नाही. तो शब्द घरच्या बोलीत काय होतो, हे एकदा बोलले गेले की मगच तो पक्का बसतो. हे काम आईबाप, आजीआजोबा करू शकतात. त्याला इंग्रजी यावे लागत नाही.

प्रश्नपत्रिकेची रचनाच याची साक्ष देते. २०१८-१९ पासून दहावीच्या भाषा विषयांना प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली. इंग्रजी तृतीय भाषेच्या ८० गुणांच्या लेखी भागात पाठ्यपुस्तकातील उताऱ्यांना आणि कवितेला वाटा आहे, तसाच न पाहिलेला उतारा, सारांश, पत्र, संवाद किंवा भाषण, तक्त्यातील माहितीचे परिच्छेदात रूपांतर आणि कथा वा बातमीचा विस्तार यांनाही आहे. शेवटचे पाच गुण भाषांतराचे असतात. काही शब्द, काही वाक्ये आणि एखादी म्हण किंवा वाक्प्रचार माध्यमभाषेत आणायचा. हे पाच गुण थेट घरच्या भाषासंपत्तीवर मिळतात. इंग्रजी म्हणीचा शब्दशः अर्थ कळलेला मुलगा तिला जुळणारी मराठी म्हण लिहू शकत नसेल, तर ती उणीव इंग्रजीची नव्हे, मराठीची. आणि म्हणींचा साठा गाईडपेक्षा ओट्यावर बसलेल्या आजीकडे अधिक असतो. माहितीच्या रूपांतराचेही तसेच. द्राक्षबागेतील कामांचा क्रम ओघतक्त्यात मांडून त्यावर दहा वाक्ये लिहायला सांगितली, तर गोडी छाटणीपासून विरळणी, डिपिंग, काढणी आणि पॅकिंगपर्यंतचा तपशील दिंडोरी-निफाडच्या बागांत राबणाऱ्या बापाला तोंडपाठ असतो. मजकूर बापाचा आणि इंग्रजी मुलाचे, अशी वाटणी झाली की निबंध पाठ करावा लागत नाही. ‘२१ अपेक्षित’सारख्या प्रश्नसंचांवर आणि गाईडवर सगळी भिस्त ठेवणारे मूल नेमके येथे मार खाते, कारण न पाहिलेला उतारा कोणत्याही गाईडात नसतो.

उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. ऐकणे व बोलणे यांची परीक्षा त्यांत येते. या गुणांवर मोठा आक्षेप आहे. शाळा ते खिरापतीसारखे वाटतात, तेव्हा त्यांच्यासाठी तयारी कसली, असे विचारले जाते. आक्षेपात तथ्य आहे. मार्च २०१९ च्या परीक्षेत भाषा विषयांचे हे अंतर्गत गुण बंद ठेवले गेले आणि राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला; पुढच्या वर्षी गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. २०१९ हे नव्या अभ्यासक्रमाचेही पहिलेच वर्ष होते, त्यामुळे सगळी घसरण या एका कारणाच्या माथी मारता येणार नाही. तरी वीस गुणांच्या आधाराने पास होणारा वर्ग किती मोठा आहे, हे त्या वर्षी दिसले. यावरून तोंडी परीक्षा निरर्थक ठरत नाही. फुकट मिळालेल्या वीस गुणांची किंमत मूल अकरावीत मोजते, एवढेच ठरते. इंग्रजीत चार वाक्ये न बोलता दहावी झालेला विद्यार्थी कनिष्ठ महाविद्यालयात मागच्या बाकावर बसतो आणि बारावीच्या ८० गुणांच्या लेखी पेपराला तसाच सामोरा जातो. घराने येथे करायचे ते साधे आहे. मुलाला रोज दहा मिनिटे धडा मोठ्याने वाचायला लावावे आणि आपण ऐकावे. ऐकणाऱ्याला शब्द कळला नाही तरी वाचणारा अडखळला हे कळतेच. कोठे अडखळला त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढून ती दुसऱ्या दिवशी सरांना विचारायला लावणे, हे निरक्षर आईलाही जमते.

तयारीचा दुसरा भाग वेळापत्रकाचा आहे, आणि नाशिकमध्ये तो द्राक्षाच्या हंगामाशी बांधलेला आहे. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी सुरू होते. जानेवारी ते एप्रिल काढणी चालते. पेठ-सुरगाण्याकडील कुटुंबे टोळ्यांनी बागांवर येतात आणि त्यांचे मजुरीचे ऐन दिवस व मुलांच्या सराव परीक्षा, तोंडी परीक्षा आणि बोर्डाचे पेपर एकाच वेळी येतात. फाल्गुनात होळी येते, जी आदिवासी समाजात वर्षातला मोठा सण असून तिच्यासाठी दूर गेलेली माणसे घरी परततात. यातून मूल एकतर आश्रमशाळेत एकटे राहते, किंवा धाकट्या भावंडांना सांभाळायला बागेवर जाते. इतर विषय महिनाभराच्या घोकंपट्टीने निभावून नेता येतात. भाषा तशी निभत नाही, ती खंड पडला की आधी मागे पडते. म्हणून दहावीच्या वर्षी टोळीबरोबर कोण जाणार आणि मुलाजवळ कोण राहणार, याचा निर्णय दिवाळीपूर्वी घेणे ही इंग्रजीची तयारीच आहे. शाळेने जूनमधल्या पहिल्या पालकसभेत परीक्षेचा साधारण काळ सांगितला, तर घराला उचल घेतानाच मुकादमाशी बोलता येते. जानेवारीत सांगितले तर उशीर झालेला असतो.

तिसरा भाग कागदांचा. दहावीचे परीक्षेचे आवेदनपत्र ही अनेक घरांतील पहिली महत्त्वाची इंग्रजी लिखापढी असते. गुणपत्रिकेवर विद्यार्थ्याचे आडनाव, नाव, वडिलांचे नाव आणि स्वतंत्रपणे आईचे नाव इंग्रजीत छापले जाते. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एक स्पेलिंग, आधारकार्डावर दुसरे आणि जातीच्या दाखल्यावर तिसरे असेल, तर त्याचा त्रास पुढे शिष्यवृत्तीच्या अर्जात, जात पडताळणीत आणि अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात होतो. हा प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर केंद्रीय पद्धतीने होऊ लागल्याने खेड्यातल्या मुलालाही तो टळत नाही. आवेदनपत्राची पूर्वयादी शाळेत तपासायला येते, त्या दिवशी पालकाने मुलाला शेजारी बसवून आधारकार्डावरील एकेक अक्षर यादीतील अक्षराशी ताडून पाहावे. अक्षरे वाचता आली नाहीत तरी दोन आकृत्या सारख्या आहेत की नाहीत, हे डोळ्यांना दिसते.

यावर सर्वांत जोरकस आक्षेप असा, की हा सगळा खटाटोप मराठी माध्यमामुळे करावा लागतो. मुलाला पहिल्यापासून इंग्रजी शाळेत घातले की प्रश्न मिटतो. आदिवासी विकास विभागाची नामांकित निवासी इंग्रजी शाळांची योजना याच विचारातून आली आहे आणि शहरात सेमी-इंग्रजी वर्गांना मागणी आहे. परंतु माध्यम बदलल्याने घराची भाषा बदलत नाही. उलट मुलाचे सगळेच विषय घराच्या आवाक्याबाहेर जातात. ‘प्रथम’च्या ‘असर’ पाहणीने २०२३ मध्ये देशातील २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयोगटातील ग्रामीण मुले तपासली. इंग्रजी वाक्ये वाचू शकणारी ५७.३ टक्के निघाली आणि त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश मुलांनाच वाचलेल्याचा अर्थ सांगता आला. त्याच पाहणीत चौघांपैकी एकाला आपल्या प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा मजकूरही सफाईने वाचता आला नाही. जो मराठीत अडखळतो त्याला इंग्रजी माध्यमाने पळवता येत नाही. वाचनाचा पाया एकदाच पडतो, आणि तो कळणाऱ्या भाषेतच पडतो.

रोजंदारीवर जगणाऱ्या पालकावर शाळेची जबाबदारी ढकलली जाते आहे, असाही आक्षेप घेता येईल. शिकवणे ही शाळेचीच जबाबदारी आहे, हे निर्विवाद. आठवीपर्यंत दीर्घकाळ कोणाला नापास केले गेले नाही आणि नववीत निकाल राखण्यासाठी कच्ची मुले गाळली गेली, याचा दोष घराकडे जात नाही. पण वर सांगितलेल्या कामांत शिकवण्याचे काम एकही नाही. ऐकणे, बोलीत अर्थ सांगणे, मुलाचा वेळ राखणे आणि नावाचे स्पेलिंग ताडणे एवढीच ती आहेत. त्यांसाठी बदलायचे आहे ते शाळेने. पालकसभा दुपारी दोनला न ठेवता आठवडी बाजाराच्या दिवशी किंवा संध्याकाळी ठेवावी, सूचना पुस्तकी मराठीत छापण्यापेक्षा कोकणा, अहिराणी वा उर्दूत तोंडी सांगावी, आणि न शिकलेल्या बापाला मुलाच्या गुणांबद्दल चारचौघांत झापू नये. एकदा अपमान झालेला पालक पुन्हा शाळेची पायरी चढत नाही.

नापास झाल्यास पुढे काय, हेही तयारीतच मोडते, कारण घराला ते निकालाच्या दिवशी कळणे म्हणजे उशिरा कळणे. २०१५ पासून ऑक्टोबरची वाट न पाहता जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा होते. एक किंवा दोन विषय राहिले तरी ए.टी.के.टी.च्या सवलतीने अकरावीला प्रवेश मिळतो. शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या बसता येते. या वाटा ठाऊक नसलेल्या घरात इंग्रजीतला एक लाल शेरा मुलीच्या लग्नाचे आणि मुलाच्या बागेवरच्या मजुरीचे निमित्त ठरतो. शालान्त इंग्रजीत घराची परीक्षा असते ती येथे. ती देण्यासाठी इंग्रजी यावे लागत नाही. पुरवणी परीक्षेचा अर्ज कधी आणि कोठे भरायचा, एवढे निकालाआधी माहीत असावे लागते.