तीस आवाजांची वाहिनी : मुंबईच्या दूरध्वनी जाळ्यातील दरांचा हिशेब

मुंबईत पहिले दूरध्वनी केंद्र १८८२ साली सुरू झाले, आणि त्यानंतर जवळजवळ शतकभर शहरातल्या एका केंद्रातून दुसऱ्या केंद्राकडे जाणाऱ्या प्रत्येक संभाषणाला, ते चालू असेपर्यंत, तांब्याच्या तारांची एक अख्खी जोडी अडवून ठेवावी लागत असे. केंद्राकेंद्रांना जोडणाऱ्या या जोड्यांना ‘जंक्शन’ म्हणत. गिरगाव, दादर, परळ, लालबाग अशा दाट वस्तीत नव्या केबलीसाठी रस्ता खोदणे सोपे नसल्यामुळे, आहे त्याच तांब्यातून अधिक संभाषणे नेता आली तर ती हवीच होती. १९७५ मध्ये मुंबईचे ‘सिटी’ केंद्र आणि अंधेरी यांच्यामध्ये देशातली पहिली पीसीएम यंत्रणा सुरू झाली, तिचे महत्त्व या अडचणीच्या संदर्भात लक्षात येते.

पीसीएम पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहितात, म्हणजे एका आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. असे ३२ कप्पे एकामागोमाग एक पाठवले की २,०४८ किलोबिटांचा प्रवाह तयार होतो; त्यांतले ३० कप्पे संभाषणांसाठी, एक प्रवाहाची सुरुवात ओळखण्यासाठी आणि एक नंबर, घंटी वगैरे संकेतांसाठी राखलेला असतो. जाणारी एक आणि येणारी एक अशा दोन जोड्यांवर तीस संभाषणे मावू लागली. तंत्रज्ञांच्या बोलण्यात हा प्रवाह ‘टू एमबी’ या नावाने रुळला. जुन्या केबलींवर आवाज क्षीण होऊ नये म्हणून दर ६,००० फुटांवर ‘लोडिंग कॉइल’ बसवलेले असे. अंकीय स्पंदांना मात्र हे वेटोळे अडथळाच ठरत असल्याने ते काढून त्याच मॅनहोलमध्ये स्पंद नव्याने घडवणारा ‘रिजनरेटर’ बसवण्याची रीत पडली. चर्चगेट ते अंधेरी हे रेल्वेचे सुमारे २२ किलोमीटर अंतर धरले, तर असे डझनभर थांबे होतात. नव्या यंत्रणेची पावले अशी जुनीच्या मापाने पडली.

१९७९ मध्ये पुण्यात स्थानिक जंक्शनसाठी पहिली प्रकाशीय तंतुवाहिनी सुरू झाली. काचेच्या तंतूची क्षमता कितीतरी मोठी असली तरी त्यात भरायचा माल ‘टू एमबी’च होता, म्हणून चार-चार प्रवाह एकत्र बांधत ८,४४८, ३४,३६८ आणि १,३९,२६४ किलोबिटांच्या पायऱ्या वापरात आल्या. चार गुणिले २,०४८ म्हणजे ८,१९२. तरीही पुढची पायरी ८,४४८ ची आहे, आणि हा फरक निष्काळजीपणाचा नाही. प्रत्येक केंद्राचे घड्याळ स्वतंत्र असल्यामुळे प्रत्येक ‘टू एमबी’च्या वेगात दहा लाखांत ५० पर्यंतची, म्हणजे सेकंदाला शंभरेक बिटांची, कमीजास्ती मान्य होती, आणि ती सावरण्यासाठी प्रवाहात भरतीचे बिट घालावे लागत. त्याचा त्रास उतरवताना होई. समजा, गावदेवीहून अंधेरीकडे जाणाऱ्या १४० मेगाबिटांच्या वाहिनीतला एकच ‘टू एमबी’ दादरला हवा असेल, तर ती वाहिनी तिन्ही पायऱ्या उतरून सुटी करावी लागे आणि मग पुन्हा बांधावी लागे.

यावर १९८८ मध्ये एसडीएच हे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्याची पहिली पायरी, एसटीएम-१, सेकंदाला १,५५,५२० किलोबिटांची. तिच्या चौकटीत प्रत्येक ‘टू एमबी’साठी स्वतंत्र कंटेनर असतो आणि त्याची सुरुवात कुठे आहे हे सांगणारा ‘पॉइंटर’ सोबत असतो, त्यामुळे हवा तेवढाच प्रवाह मधल्या केंद्रात काढून घेता येतो. या सोयीची किंमत आकड्यांत दिसते : जुन्या १४० मेगाबिटांत ६४ ‘टू एमबी’ मावत, तर १५५ मेगाबिटांत असे सुटे काढता येण्याजोगे ६३ मावतात. मोठ्या भांड्यात एक पळी कमी, असा हा व्यवहार, पण तोट्याचा खचितच नव्हता.

समुद्राकडूनही हाच बदल मुंबईत आला. १९९४ मध्ये सुरू झालेली सी-मी-वी-२ ही केबल जुन्या पायऱ्यांवर, म्हणजे एका तंतुजोडीवर चार वेळा १४० मेगाबिट अशा हिशेबाने चाले. १९९७ ची फ्लॅग, जी प्रभादेवीच्या लोकमान्य विदेश संचार भवनात येते, ती मात्र एसडीएचची, प्रत्येक तंतुजोडीवर सुमारे ५ गिगाबिट नेणारी. अमेरिकेच्या पायऱ्या तर २४ आवाज आणि १,५४४ किलोबिटांपासून सुरू होत असल्याने आणि आवाजाचे अंक मांडण्याची तिची रीतही वेगळी असल्याने भाषांतर अटळ होते. ते अमेरिकी बाजूनेच करावे असा आंतरराष्ट्रीय दंडक असल्यामुळे मुंबईवरचा तेवढा भार वाचला.

गिरण्यांच्या जागी लोअर परळमध्ये कार्यालये उभी राहिली, तेव्हा मागणी आवाजाची राहिली नाही, संगणकांच्या इथरनेट जोडणीची झाली. इथरनेटचे १० मेगाबिट एसडीएचच्या कोणत्याच मापात नेमके बसत नसल्याने ‘टू एमबी’चे पाच कंटेनर एकत्र जोडून ते नेण्याची युक्ती निघाली. पुढे भूमिका उलटली : वाहिनीच इथरनेटची झाली, आणि उरलेले ‘टू एमबी’ पॅकेटांत चिरून पाठवले जाऊ लागले. पॅकेटांसोबत घड्याळ आपोआप येत नसल्यामुळे पलीकडच्या टोकाला ती काही मिलिसेकंद साठवून मूळ ठेका पुन्हा जुळवावा लागतो. एवढा उशीर अंधेरीच्या तांब्याला कधी लागला नव्हता.