हातात फक्त सहा तास? नांदेड-लातूरचे प्राचीन अवशेष पाहताना स्थानिक गाइड कसा निवडाल?

क्रूझ मुंबईच्या बंदरात थांबते, प्रवासी बोटीने घारापुरीची लेणी पाहायला जातात आणि संध्याकाळी जहाजावर परततात. मराठवाड्यात समुद्र नाही, पण असा 'थांबा' मात्र आहे. सचखंड एक्स्प्रेसने नांदेडला येणारे भाविक तख्त सचखंड श्री हजूर साहिबचे दर्शन घेतात. परतीच्या गाडीला अजून काही तास असतात. लातूरला लग्नासाठी किंवा कामासाठी आलेल्यांचेही तसेच. मग मोबाइलवर 'जवळची प्रेक्षणीय स्थळे' शोधली जातात आणि कंधार, होट्टल, खरोसा अशी नावे समोर येतात.

तिथे पोहोचल्यावर पहिला प्रश्न पडतो तो माहिती सांगणाऱ्याचा. गाइड घ्यायचा का? घ्यायचा तर कोणाला? आणि तो सांगतो ते खरे कशावरून?

इथे गाइडची गरज का पडते?

वेरूळ-अजिंठ्यासारखी गर्दी, पुस्तिका आणि फलक इथे मिळतीलच असे नाही. शिवाय महत्त्वाची गोष्ट अनेकदा मुख्य वास्तूच्या बाहेर असते.

कंधारचेच पाहा. मन्याड नदीच्या खोऱ्यातले हे गाव राष्ट्रकूटांच्या काळात मोठे नगर होते. बहुतेक पर्यटक खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला पाहून परततात. पण राष्ट्रकूटकालीन जलाशय, म्हणजे जगत्तुंग समुद्र, आणि जवळच्या मानसपुरीतले भव्य क्षेत्रपाल मूर्तीचे अवशेष पाहिले नाहीत, तर या नगराचा आवाका कळत नाही. हे सगळे एका फेरीत, वेळेत दाखवायला गावचाच माणूस लागतो.

आधी घड्याळ, मग गाइड

कमी वेळात सगळ्यात मोठी चूक होते ती अंतराच्या अंदाजात. हिशेब परतीच्या वेळेपासून उलटा मांडा.

- नांदेडहून कंधार: साधारण ५० किलोमीटर. सहा तास हातात असतील तर जाऊन-येऊन अडीच ते तीन तास, पाहायला दोन तास आणि उरलेला वेळ राखीव.
- नांदेडहून होट्टल: देगलूर तालुक्यात. सिद्धेश्वर मंदिर आणि परिसरातील चालुक्यकालीन मंदिरे. अंतर कंधारपेक्षा बरेच जास्त, त्यामुळे पूर्ण दिवस असेल तरच.
- लातूरहून औसा: साधारण २० किलोमीटर. बहमनी काळातला भुईकोट किल्ला. अर्ध्या दिवसात आरामात होतो.
- लातूरहून खरोसा आणि निलंगा: दोन्ही एकाच दिशेला. खरोशाची लेणी जांभ्या दगडात कोरलेली आहेत. निलंग्याचे नीळकंठेश्वर मंदिर तीन गाभाऱ्यांचे आहे. सकाळी लवकर निघालात तर दोन्ही पाहून होतात.
- लातूरहून उदगीर: १७६० मध्ये सदाशिवराव भाऊंच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी निजामावर विजय मिळवला, ती लढाई इथली. किल्ल्यासाठी अर्धा दिवस लागतोच.

क्रूझ कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते. स्वतःहून गेलेल्यासाठी थांबत नाही. रेल्वे तर कोणासाठीच थांबत नाही. त्यामुळे गाइडशी पहिले वाक्य बोला ते हेच: "आम्हाला इतक्या वाजता स्टेशनवर असायचे आहे." 'बघू, होऊन जाईल' असे उत्तर आले, तर दुसरा माणूस शोधा.

परवाना लागतो का?

स्मारक कोणाच्या ताब्यात आहे त्यावर हे अवलंबून आहे.

केंद्रीय संरक्षित स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण सांभाळते. १९५९ च्या नियमांनुसार अशा स्मारकात पैसे घेऊन पर्यटकांना फिरवायचे असेल तर पुरातत्त्व अधिकाऱ्याचा परवाना लागतो. घारापुरी, वेरूळ, अजिंठा ही अशी स्मारके. तिथे ओळखपत्र मागणे हा उद्धटपणा नाही.

कंधारचा किल्ला, खरोशाची लेणी अशी ठिकाणे राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे येतात. संरक्षण कोणाचे आहे ते प्रवेशद्वाराजवळच्या निवेदन फलकावर पाहता येते. स्मारकावर संचालनालयाचा पहारेकरी असेल तर आधी त्याला विचारा.

याशिवाय केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा 'इन्क्रेडिबल इंडिया टुरिस्ट फॅसिलिटेटर' हा ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. गावातल्या एखाद्या तरुणाने तो केला असेल तर उत्तमच. पण प्रमाणपत्र म्हणजे त्या गावाचा इतिहास माहीत असल्याची हमी नव्हे.

मग माणूस शोधायचा कुठे?

लहान गावात 'गाइड' अशी पाटी क्वचितच दिसते. कामाचे मार्ग हे:

- शाळेतले किंवा महाविद्यालयातले इतिहासाचे शिक्षक. ते स्वतः आले नाहीत तरी एखादा जाणकार विद्यार्थी सुचवतात.
- नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांचे इतिहास विभाग.
- मंदिराचे पुजारी, दर्ग्याचे खादिम, किल्ल्याचा पहारेकरी. यांना जागेचा कोपरा न् कोपरा ठाऊक असतो.
- यात्री निवास किंवा लॉजचे व्यवस्थापक. मात्र ते गाडी आणि गाइड एकत्र देत असतील तर दोन्हींचा दर वेगळा विचारा.

फोन आदल्या दिवशीच करा. भाषेचेही आधी ठरवा. सोबत पंजाबहून आलेली मंडळी असतील तर हिंदीत नीट सांगू शकणारा माणूस हवा.

तो सांगतो ते खरे का? दोन सोप्या कसोट्या

पहिली कसोटी: 'हेमाडपंती'. मराठवाड्यात जुने दगडी मंदिर दिसले की सर्रास हेमाडपंती म्हटले जाते. पण हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, हा तेराव्या शतकातला यादव राजांचा मंत्री. होट्टलचे सिद्धेश्वर मंदिर त्याच्या आधीचे, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले आहे. हे कल्याणी म्हणजे आजचे कर्नाटकातले बसवकल्याण. 'लोक हेमाडपंती म्हणतात, पण मंदिर चालुक्यकालीन आहे' असे सांगणारा गाइड अभ्यासू समजावा.

दुसरी कसोटी: 'पांडवांनी एका रात्रीत कोरले'. लेणी म्हटली की ही कथा ऐकू येतेच. ती जरूर ऐका, कारण लोककथा हाही त्या गावाचा ठेवा आहे. पण चांगला गाइड कथा आणि इतिहास वेगळे करून सांगतो. 'हे कशावरून?' असे विचारल्यावर तो शिलालेख, शिल्प किंवा बांधकामाची खूण दाखवतो. 'हे मला माहीत नाही' असे म्हणणाऱ्यावर तर जास्त विश्वास ठेवा.

पैशांचे कसे ठरवायचे?

निघण्याआधी या गोष्टी स्पष्ट करा आणि व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा:

- रक्कम माणशी की पूर्ण गटाची?
- किती तास आणि कोणकोणती ठिकाणे?
- गाडी, चहा-जेवण यात धरले आहे का?
- गाडी किंवा रेल्वे उशिरा आली, बेत रद्द झाला तर काय?

पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. पण काम झाल्यावर घासाघीसही करू नका. पर्यटक कमी येतात अशा ठिकाणी त्या माणसाने तुमच्यासाठी शेतातले किंवा दुकानातले काम बाजूला ठेवलेले असते. 'खुशीने द्या' असे तो म्हणाला तरी आकडा आधीच ठरवा. त्यात दोघांचाही मान राहतो.

गाइडने 'चला' म्हटले तरी काय करू नये?

फोटोसाठी शिल्पावर चढणे, बुरुजाच्या ढासळत्या कडेवर उभे राहणे, पडलेल्या मूर्तीचा तुकडा 'आठवण' म्हणून नेणे, हे सगळे टाळा. केंद्रीय संरक्षित स्मारकाचे नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार किल्ला टाळा, पाणी सोबत ठेवा.

खरोशाच्या वाटेवर असाल तर आणखी एक भान हवे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेले किल्लारी याच भागात आहे. पडक्या घरांचे अवशेष दाखवण्याचा आग्रह गाइडकडे धरू नका. त्याच्याच घरातले कोणी त्या पहाटे गेलेले असू शकते. तो स्वतःहून बोलला, तर शांतपणे ऐका.

थोडक्यात

वेळ आधी सांगा, एकच ठिकाण नीट पाहा, दर लिहून घ्या आणि 'कशावरून?' विचारायला कचरू नका. परतल्यावर फोटो टाकाल तेव्हा जागेचे नाव आणि काळ बरोबर लिहा. गाइडची परवानगी असेल तर त्याचाही उल्लेख करा. पुढच्या प्रवाशाला माणूस शोधणे सोपे जाईल आणि त्या माणसाला पुढचे काम मिळेल.