छरे, पाणपक्ष्यांच्या शिकारीतील

बदके व रानहंस यांच्या शिकारीसाठी छऱ्याच्या बंदुकीच्या काडतुसात भरले जाणारे धातूचे बारीक गोळे. काडतूस निवडताना छऱ्यांचा धातू, व्यास, एकूण वजन व नळीतून सुटतानाचा वेग पाहतात. पुढील माहिती मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आहे.

क्रमांक : क्रमांक वाढतो तसा छरा लहान होतो. 17 मधून क्रमांक वजा केल्यास व्यास इंचाच्या शतांशांत मिळतो. त्यानुसार 4 क्रमांकाचा छरा 3.30 मिमी. व 2 क्रमांकाचा 3.81 मिमी. भरतो. 1 क्रमांकापेक्षा मोठ्या छऱ्यांना अक्षरे आहेत, उदा., बीबी 4.57 मिमी., टी 5.08 मिमी. ब्रिटिश क्रमांक वेगळे आहेत.

घनता : निवडीतील हा निर्णायक घटक होय. छऱ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या शिशाची घनता दर घ. सेंमी.ला सु. 11 ग्रॅ., पोलादाची 7.86 ग्रॅ. असते. पोलादी छरे प्रत्यक्षात मऊ लोखंडाचे असतात. एकाच व्यासाचा पोलादी छरा शिशाच्या छऱ्याच्या सु. 70 टक्केच वजनाचा असल्याने ‘शिशापेक्षा दोन क्रमांक मोठा पोलादी छरा घ्यावा’ असा संकेत रूढ झाला. 4 क्रमांकाचा शिशाचा छरा सु. 0.21 ग्रॅ. व 2 क्रमांकाचा पोलादी छरा सु. 0.23 ग्रॅ. भरतो. या संकेताने वजन साधते, भेदनशक्ती साधत नाही. कारण मोठ्या छऱ्याला हवेचा रोध अधिक होतो व पक्ष्याच्या अंगावर आघातही अधिक क्षेत्रफळावर विभागला जातो. छेदाच्या दर एकक क्षेत्रफळामागील वजन शिशाच्या 4 क्रमांकाएवढे हवे असेल, तर पोलादात जवळजवळ बीबीपर्यंत जावे लागते; मात्र 1 औंसात (28.35 ग्रॅ.) शिशाचे 4 क्रमांकाचे सु. 135 छरे मावतात, तर पोलादी बीबी सु. 72 च. ही तूट काही अंशी वेग वाढवून भरून काढतात (सेकंदाला सु. 425 ते 470 मी.), तरी हलका छरा वेग लवकर गमावतो. त्यामुळे पोलादी छऱ्यांनी जवळूनच नेम धरणे इष्ट ठरते. सामान्यतः लहान बदकांसाठी 4, मोठ्या बदकांसाठी 2 किंवा 3 आणि रानहंसांसाठी बीबी किंवा त्याहून मोठे पोलादी छरे वापरतात.

विखुरण : पोलादी छरे नळीत चेपत नाहीत, म्हणून त्यांचा झोत घट्ट राहतो व कमी आवळलेला चोक (नळीच्या तोंडाशी असलेला निमुळता भाग) पुरतो. जुन्या, पातळ नळ्यांत ते वापरू नयेत. काडतूस पारखण्यासाठी 40 यार्डांवर (36.6 मी.) कागदावर बार काढून 30 इंच (76 सेंमी.) व्यासाच्या वर्तुळातील छरे मोजतात.

शिशावरील बंदी : तळाशी पडलेले छरे बदके खड्यांबरोबर गिळतात, पेषणीत ते झिजून शिसे रक्तात उतरते. जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी 1894 मध्ये याकडे लक्ष वेधले होते. फ्रँक बेलरोझ यांनी 1959 मध्ये या विषबाधेने दरवर्षी 2 ते 3 टक्के पाणपक्षी मरत असल्याचा अंदाज मांडला. अशी बदके खाणाऱ्या बाल्ड ईगल गरुडांनाही बाधा होते. अमेरिकेत शिशाच्या छऱ्यांवरील देशभर बंदी 1991 मध्ये पूर्ण झाली. कॅनडाने 1999 मध्ये तिचे अनुकरण केले. यूरोपीय संघात पाणथळ जागांपुरती बंदी 2023 पासून लागू आहे. पोलादामुळे जखमी होऊन हाती न लागणाऱ्या पक्ष्यांचे प्रमाण वाढते किंवा कसे, याबाबत मतभेद आहेत.

इतर धातू : बिस्मथ–कथिल (घनता सु. 9.6) मऊ असल्याने जुन्या बंदुकांना चालते. टंगस्टनाच्या काही मिश्रधातूंची घनता 18 पर्यंत जाते. त्यांचे बारीक छरेही पुरतात, पण किंमत फार पडते.

बोअर : नळीच्या व्यासाचे माप; आकडा लहान तशी नळी मोठी. बारा बोअर सर्वाधिक प्रचलित. अमेरिकेत या शिकारीसाठी दहा बोअरपेक्षा मोठ्या नळीची बंदूक निषिद्ध.

भारत : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार पाणपक्ष्यांच्या शिकारीस बंदी आहे. भरतपूर येथे 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत 4,273 पक्षी मारल्याची नोंद आहे.