विषाणुसदृश कण (लसनिर्मितीतील)

विषाणूच्या कवचातील प्रथिने आपोआप एकत्र येऊन बनणारे, बाहेरून विषाणूसारखेच पण आत जनुकद्रव्य नसलेले कण. जनुकद्रव्याअभावी त्यांची वाढ होत नाही, रोगही होत नाही. मात्र पृष्ठभागावर तेच प्रथिन ओळीने मांडलेले असल्याने प्रतिकारपेशी ते चटकन ओळखतात. मानवी पॅपिलोमा विषाणूच्या (एचपीव्ही) एल१ प्रथिनाचे पाच-पाच रेणूंचे ७२ गट जुळून सु. ५५ नॅनोमीटर व्यासाचा कण होतो.

इतिहास : हिपॅटायटिस-बीची पहिली लस (१९८१) बाधितांच्या रक्तद्रवातून वेगळ्या केलेल्या कणांची होती. १९८६ मध्ये तेच प्रथिन यीस्टमध्ये तयार करणारी लस आली. एल१ चे कण १९९१ मध्ये जिआन झाऊ व इयन फ्रेझर यांनी ऑस्ट्रेलियात बनवले. त्यांवर आधारित पहिली लस, गार्डासिल, २००६ मध्ये बाजारात आली.

निर्मिती : पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची भिस्त ‘हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा’ या यीस्टवर आहे. हे यीस्ट मिथेनॉलवर पोसता येते आणि मिथेनॉल मिळताच त्यात घातलेले जनुक जोमाने काम करू लागते. पेशी फोडून कण शुद्ध करतात व ॲल्युमिनियमच्या क्षारावर बसवतात. ‘जीन व्हॅक-बी’ ही हिपॅटायटिस-बीची व ‘सर्व्हाव्हॅक’ ही एचपीव्हीच्या ६, ११, १६ व १८ या प्रकारांवरील लस अशीच तयार होते. सर्व्हाव्हॅकला जुलै २०२२ मध्ये औषध महानियंत्रकांची परवानगी मिळाली.

बार्शीचे पुरावे : या लसींचा महाराष्ट्रातील सर्वांत मोलाचा भाग कारखान्यात नसून गावपातळीवरच्या नोंदींत आहे, असे म्हणण्यास जागा आहे. बार्शी (जि. सोलापूर) येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालवली. त्याच रुग्णालयाच्या साहाय्याने शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने, याच विषाणूमुळे होणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

सप्टेंबर २००९ मध्ये रेंगस्वामी शंकरनारायणन यांच्या नेतृत्वाखाली देशभरातील नऊ केंद्रांत, त्यांत बार्शी व पुणे, १० ते १८ वयाच्या अविवाहित मुलींना गार्डासिलचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहण्याची चाचणी सुरू झाली. आंध्र प्रदेश व गुजरातमधील एका वेगळ्या प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाल्यावर एप्रिल २०१० मध्ये सरकारने असे सर्व लसीकरण थांबवले. मृत्यूंचा लसीशी संबंध व संमतीपत्रांतील त्रुटी हा वादाचा विषय राहिला. तोवर १७,७२९ मुलींना लस मिळाली होती आणि त्यांतील ४,९०० हून अधिक जणींचा एकच डोस झाला होता. नियोजनात नसलेला हा गटच पुढे निर्णायक ठरला : २०२१ च्या अहवालात १६ व १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसने मिळणारे संरक्षण ९५.४ टक्के, म्हणजे तीन डोसांच्या तोडीचे आढळले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही पर्याय म्हणून मान्य केला. त्यामागील पुराव्यांत हा अभ्यासही आहे.

अन्य लसी : हिवतापावरील ‘आर२१’ लसीत हिपॅटायटिस-बीच्या कणावर हिवताप परजीवीचे प्रथिन जोडलेले आहे. ऑक्सफर्डमध्ये विकसित व पुण्यात उत्पादित या लसीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली. ती आफ्रिकेतील बालकांसाठी जाते, हिवतापग्रस्त गडचिरोलीसाठी नव्हे. कोविडवरील ‘कोव्होव्हॅक्स’ला काही जण याच वर्गात धरतात, काटेकोर व्याख्येत ती बसत नाही.

पशुवैद्यक : डुकरांच्या सर्को विषाणू-२ वरील लसींत परदेशात वापर.

परभणी : जिल्ह्यात या वर्गातील नित्याची लस म्हणजे हिपॅटायटिस-बी : जन्मानंतर २४ तासांत पहिला डोस व नंतर ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलेंटमधून. मे महिन्यात पारा चाळिशीपार जात असल्याने उष्णतेची धास्ती साहजिक आहे, परंतु ही लस बरीच उष्णता सोसते. तिला धोका गोठण्याचा. डीप फ्रीझरमधून थेट काढलेला आइसपॅक व्हायलला टेकला तरी तो संभवतो. म्हणून पॅक हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत बाहेर ठेवून मगच व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये घालतात. शंका आल्यास त्याच बॅचची एक व्हायल मुद्दाम गोठवून वितळवतात, ती व संशयित व्हायल हलवून शेजारी-शेजारी ठेवतात. संशयित व्हायलचा गाळ तितक्याच किंवा त्याहून लवकर तळाशी बसला, तर ती बाद करतात.